अविश्वास ठरावावरील मतांचा अर्थ
इंग्लंडमधील रग्बीचा कारभार पाहणाऱ्या रग्बी फुटबॉल युनियनच्या मार्च २०२५ मधील विशेष सर्वसाधारण सभेत मुख्य कार्यकारी अधिकारी बिल स्वीनी यांच्यावरील अविश्वास ठराव ४६६ विरुद्ध २०६ मतांनी फेटाळला गेला, यावरून सभासद क्लब समाधानी असल्याचा निष्कर्ष या सभेवरील लेखात लेखकाने काढला आहे, तो मला पटला नाही. ३६ मते तटस्थ होती, हेही लेखात यायला हवे होते. संस्थेला ३.७९ कोटी पौंडांचा परिचालन तोटा झाला त्याच वर्षी स्वीनी यांना बोनससह सुमारे ११ लाख पौंड मिळाले, हे रोषाचे मुख्य कारण होते आणि ठराव पडल्याने ते नाहीसे होत नाही.

मी काही वर्षे एका क्रीडा संघटनेचा चिटणीस होतो (खेळ कोणता, हे इथे गौण आहे). आमच्या वार्षिक सभेत हिशेब अगदी शेवटी, लोक उठायच्या बेतात असताना मांडले जात आणि आवाजी मतदानाने मंजूर होत. गप्प बसणाऱ्यांपैकी अनेकांचा कार्यकारिणीवर विश्वास होता असे नव्हे, तर हे गेले तर त्यांच्या जागी कोण येईल, याचीच त्यांना धास्ती होती.