पोचतेच, पाच मिनिटं!

माझी एक मैत्रीण आहे. नाव सांगत नाही, कारण ती हे वाचणार, उशिरा वाचेल पण वाचेल नक्की. शाळेपासूनची मैत्री, म्हणजे आता मोडायची म्हटली तरी कागदपत्रं सापडायची नाहीत इतकी जुनी. आणि या बाईसाठी वेळ हा ऐच्छिक विषय आहे. "कुठे आहेस?" विचारलं की "अगं निघाले!" आणि मागून स्पष्ट शॉवरचा आवाज. मी म्हटलं पाऊस पडतोय का गं तिकडे, तर म्हणते हो ना, धो धो. भर उन्हाळ्यात!

उपाय करून झालेत. अर्धा तास आधीची वेळ सांगायला लागले, तर महिन्याभरात तिला पत्ता लागला. आता ती हिशोब करते की ही सहा म्हणाली म्हणजे साडेसहा असणार, म्हणजे आपण आरामात पावणेसात. मग मी साडेपाच सांगते, ती आणखी वजाबाकी करते, आणि भेटायचं नक्की किती वाजता ठरलं होतं हे आता आम्हा दोघींनाही माहीत नसतं.

एकदा वैतागून वाचायलाच बसले की माणसं अशी असतात तरी का. तर डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ सालीच याला नाव देऊन ठेवलंय, प्लॅनिंग फॅलसी. म्हणजे मागच्या प्रत्येक वेळी तासभर लागलेला असला तरी माणूस या वेळी छातीठोकपणे वीस मिनिटंच धरतो. मोठ्या उत्साहात तिला हे पाठवलं, म्हटलं जरा लाज वाटेल. तर उत्तर आलं, "बघ! म्हणजे मी नॉर्मल आहे. तूच उगाच डोक्यात घेतेस." मीच हाताने सर्टिफिकेट दिलं तिला. तेव्हापासून उशीर झाला की "सॉरी" बंद, थेट "फॅलसी गं" म्हणते.

त्यात आणखी एक सापडलं. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल म्हणून आहेत, त्यांनी २०१८ मध्ये हिशोब मांडला की अगदी जवळची मैत्री व्हायला साधारण २०० तास तरी एकमेकांबरोबर घालवावे लागतात. बरोबर घालवावे लागतात हं. मी एकटीने हिची वाट बघत घालवलेले तास त्यात धरतात का, हे कुणीतरी त्यांना विचारा. धरत असतील तर आमची मैत्री जगात एक नंबर असणार.

पण उशीर परवडला, व्हॉइसनोट नको. टाइप करायचा हिला कंटाळा, म्हणून सगळं बोलून पाठवते, आणि ते तरी सरळ बोलावं? "अगं ऐक ना, महत्त्वाचं आहे" अशी सुरुवात, मग बेल वाजते, मग कुरियरवाल्याशी चर्चा, पेन शोधणं, "सही इथे का?", दार लावल्याचा आवाज, मग "हां, तर काय सांगत होते मी?" मला विचारतेय! रेकॉर्डिंगमध्ये! शेवटी "जाऊ दे, आठवलं की पाठवते" आणि संपलं. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने व्हॉइसनोट दुप्पट वेगाने ऐकायची सोय दिली, ती कुणीतरी अशाच मैत्रिणीला कंटाळून केली असावी असा माझा दाट संशय आहे. तोटा एवढाच की आता ती समोर बसून बोलायला लागली की माझा अंगठा आपोआप हलतो, वेग वाढवायला.

गोष्टी मध्येच तोडणं, चार्जर नेऊन विसरणं वगैरे किरकोळ आहे, सोडून देते.

बरं, भांडावं म्हटलं तर तिथेही पंचाईत. त्या कुरियरच्या रामायणात मध्येच कुठेतरी "आणि ए, तुझ्या खांद्याचं काय झालं, दाखवलास का? नसेल तर मी येते बरोबर" असं असतं. खांदा दुखतोय हे मी तिला केव्हातरी ओझरतं बोलले होते, घरात तर कुणाच्या लक्षातही नव्हतं. म्हणजे स्किप करायचीही सोय नाही. परवा आमच्यातलीच एकजण तिच्याबद्दल "फार बेजबाबदार आहे बाई ती" म्हणाली तर मी तिच्याशी अशी काही भांडले की विचारू नका. अगं, हिच्या नावाने खडे फोडायचे तर आधी माझ्याएवढं ताटकळून तर दाखव!

हल्ली बाईसाहेबांनी नवीन सोय काढलीय. उशीर होणार असला की उशीर का होतोय याची व्हॉइसनोट पाठवतात. परवा मी ठरलेल्या जागी उभी राहून ती दुप्पट वेगाने ऐकली, संपली, तरी हिचा पत्ता नाही. मग काय करणार, साध्या वेगाने पुन्हा ऐकली.