विषय क्रमांक १४, तहकूब

आज आमच्या पालिकेची सर्वसाधारण सभा झाली आणि दुपारपासून फोन थांबेना. "वहिनी, अभिनंदन! कमान मंजूर झाली!" कोइमतूर, वाराणसी, हैदराबाद, कुठून कुठून आपल्या गलाईवाल्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायला बाहेर गेलेल्या भावांचे मेसेज. गुच्छ काय, फटाके काय. दोनदा "धन्यवाद" टाइप केलं, दोनदा पुसलं. म्हटलं लिहूनच टाकावं, नाहीतर झोप यायची नाही.

विषय क्रमांक ३, गावाच्या प्रवेशद्वारी स्वागत कमान. वाचून पूर्ण व्हायच्या आत बाकं वाजली. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. त्या सर्वानुमतात मीही आहे. हात वर केला होता, खोटं कशाला बोलू.

विषय क्रमांक १४, गावातल्या पाण्याच्या लाइनचा आणि व्हॉल्व्हचा नकाशा करून घेणे. हा मी दिलेला. तोवर चहा आला होता. एक सदस्य म्हणाले, "नकाशा कशाला? चावीवाल्या तात्यांना सगळं पाठ आहे की." सगळे हसले. टिपणी अपुरी आहे म्हणून विषय तहकूब.

अहो, पाठ आहे म्हणूनच तर विषय दिला होता!

डिसेंबरात २१ तारखेला निवडणुकीचा निकाल लागला, गुलाल उधळला, आणि जानेवारी उजाडायच्या आत वरच्या आळीतल्या बायकांनी मला दारात गाठलं. चार दिवसांनी पाणी, तेही करंगळीएवढी धार. मला काय कळत होतं? शिवणकाम करणारी बाई मी, ५० टक्के आरक्षणातून उभी राहिलेली. पालिकेत विचारलं तर साहेब म्हणाले, मॅडम, मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो. (मिस्टरांना घरातली मोटार चालू करता येत नाही. असो.) मग सरळ पहाटे चारला टाकीखाली जाऊन उभी राहिले.

पाणी सोडणारे तात्या सायकलवरून आले. खांद्याला ती लोखंडी चावी, जवळजवळ त्यांच्याच उंचीची. पेठेतल्या चेंबरचं झाकण सरकवलं. तिथला व्हॉल्व्ह तिरका बसलाय, चावी बसत नाही. म्हणून तात्या रस्त्यावर पालथे झोपले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. थंडी अशी की माझे दात वाजत होते. म्हणाले, "वहिनी, मोजा." मी मोजत गेले. अकरा आटे. "बास. बारावा फिरवला की पेठंत फवारं उडत्यात अन् वर गुळण्या करायला पाणी चढत न्हाई."

बारावा आटा! एवढ्यावर वरच्या आळीचं पाणी अडलेलं असतं. आणि हे कुठल्याच कागदावर नाही.

पुढं चौकात त्यांनी डांबरावर पाय आपटला. "हितं खाली एक व्हॉल्व्ह हाय. दोनदा रस्ता झाला त्येच्यावर. कुणी इचारलंच न्हाई." मी म्हटलं, तात्या, नकाशा कुठाय याचा? त्यांनी ओला हात पायजम्याला पुसला, टोपीवर बोट ठेवलं. "हितं."

ती टोपी ३१ मेला घरी जाणार आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाचा जन्म १ जूनला लावून टाकला, त्यामुळं आमच्या पालिकेत दर ३१ मेला नारळ आणि शालींचा ढीग लागतो. यंदा तात्यांचा नंबर. त्यांच्या जागी माणूस भरायचा प्रस्ताव आहे म्हणतात. कुठे आहे? प्रक्रियेत आहे. आणि सभागृहात हसताय तुम्ही. जूनमध्ये कुणाला विचारणार आहात, कमानीला?

कमानीवर काय असावं यावरून आपल्या ग्रुपवर गेले आठ दिवस भांडण चाललंय. सिंह की हत्ती. एकानंही विचारलं नाही की बिडाचे जुने पाइप कुठपर्यंत आहेत आणि पीव्हीसी कुठून सुरू होतो.

कुणीतरी म्हणेलच की वहिनी विकासाच्या आड येतात. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकेचे १८ विषय आहेत. पाणीपुरवठा पाचवा. सौंदर्यही आहे म्हणा, तेरावा. मान्य. पण आठ विषयांची उडी मारून थेट तेराव्यावर कसे जाता?

आपल्याच दोन जिल्ह्यांतली गावं बघा. देशाच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत २०२० ला कराड पहिलं, २०२१ ला विटा, २०२२ ला पाचगणी. ही कमानीची कामं नव्हेत. पहाटे घंटागाडीमागं पळणाऱ्या आणि ओला-सुका कचरा हातानं निवडणाऱ्या माणसांची आहेत.

निवडून आलेलं कुणी नव्हतं त्या प्रशासकाच्या काळात फार झालं असंही नाही. जवळजवळ चार वर्षं गाऱ्हाणं घेऊन जायला दारच नव्हतं. मुख्याधिकारी म्हणतात तेही खोटं नाही, टिपणी नियमातच हवी. देते. नियमात बसवून देते.

गलाईवाल्या भावांनो, तुमच्यावर राग नाही. तुम्ही परमुलखात भट्टीपुढं बसून सोनं-चांदी गाळलीत, म्हणून इथल्या शाळेला पत्रा आला, देवळाला शिखर चढलं. यात्रेला उतरल्यावर गाव नटलेलं दिसावं असं तुम्हाला वाटतं, वाटणारच. कमान करा, मी फीत धरायला उभी राहीन. पण वरच्या आळीतली ती पंधरावीस घरं तुमचीच आहेत ना? तिथं तुमच्या आया राहतात. कराडजवळ टेंभूला उचललेलं कृष्णेचं पाणी डोंगर चढून शिवारात आलं, ऊस उभा राहिला, आणि गावातल्या गावात शंभर पावलं वर तुमच्या आईच्या बॅरलपर्यंत येत नाही. ती तुम्हाला फोनवर हे सांगत नाही. "सगळं बरं हाय" म्हणते. मला सांगते.

आता विचाराल, मग हात का वर केलास? माझ्या प्रभागातली गटार विषय क्रमांक ९ ला होती. कमानीला नाही म्हटलं असतं तर तिच्यावर कुणी हात वर केला नसता. गटार मंजूर झाली. हिशोब बरोबर आला, तरी घरी येऊन मशीनवर बसले तर दोरा ओवता येईना.

कमानीवर आम्हा सगळ्या सदस्यांची नावं कोरणार आहेत. माझंही. तात्यांचं नाव कुठंच येणार नाही, आणि त्यांना ते सुचणारही नाही. आज सभा संपल्यावर ते जिन्यात भेटले. काही कळलं असावं. एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वहिनी. उद्या वरच्या आळीची पाळी हाय. या."

तर उद्या मी जाणार आहे. ठराव येईल तेव्हा येईल, वही माझ्याकडे आहे. आयटीआय किंवा डिप्लोमाची पोरं कुणी असतील तर या. फोनवर जागा टिपता येणारा एक जण हवा. चेंबरवर आकडे टाकायला पिवळा ऑइलपेंट मी आणलाय, ब्रश एकच आहे. डांबराखालचा व्हॉल्व्ह तात्या पायानं दाखवणार आहेत, तिथं आधी खूण करू.

पहाटे चार, टाकीखाली. बॅटरी आणा. चहा मी आणते.