लेणी काय ‘वेळ उरला तर’ बघायची?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या सहलीचा बेत शिजतोय. आधी सफारी, मग बोटिंग, मग जेवण, आणि ‘वेळ उरला तर कान्हेरी लेणी’. वर एकाने लिहिलं, ‘एक लेणं बघितलं की सगळी बघितल्यासारखीच.’ त्यावर धडाधड अंगठे!

डोकंच सणकलं. शंभराहून जास्त लेणी आहेत तिथे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात काम सुरू झालं, ते जवळपास हजार वर्षं माणसं त्या काळ्या कातळात राबली. आपल्या येऊरच्या डोंगरापलीकडे, एकाच जंगलात आहे हे सगळं. आणि आपण ठाणेकर त्याला जेवणानंतरचा सुस्तावलेला अर्धा तास देणार?

मागे बाबांना घेऊन गेले होते. त्यांचा जन्म पाणीखात्यात गेला, मूर्तींत त्यांना फार रस नाही. वर चढले आणि एका टाक्यापाशी उकिडवेच बसले. दगडात कोरलेल्या पन्हळीवरून बोट फिरवत म्हणाले, “उतार बघ. पावसाचं पाणी बरोबर टाक्यात आणलंय.” मग पुढच्या विहारापुढे, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या राहायच्या लेण्यापुढे, तेच, त्याच्या पुढच्याही. आम्ही पुढे, हे मागेच.

तिथल्या एका शिलालेखात कल्याणच्या सोनाराने पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. बाबांना सांगितलं तर खुलले. “म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला की!”

आणि अशा टाक्यात लोक वेफर्सची पाकिटं फेकतात! आमच्या डोळ्यांदेखत एका पोराने टाकलं, आईवडील सेल्फीत. बाबांनी काठी शोधून ते बाहेर काढलं, तरी त्या दोघांनी मान वळवली नाही. भिंतींवर नावं कोरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

मुलांना बोटिंग हवंच असतं, मान्य. पायऱ्यांवर गुडघे कुरकुरतात, तेही खरं. पण म्हणूनच लेणी आधी हवीत ना! दुपारी तो कातळ असा तापतो की मोठी माणसंही कंटाळतात, मग मुलं कशाला थांबतील? सकाळच्या गारव्यात त्याच मुलांना तीन नंबरच्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात, उभं करा, दारापाशीचे ते दोन प्रचंड बुद्ध दाखवा. अकरा नंबरमधल्या लांबलचक दगडी बाकांवर बसू द्या. एक्केचाळीसमध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचं बौद्ध दैवत, आहे, तो त्यांना शोधू दे. ती रमतात हो, आपणच त्यांना घाई करतो.

तेव्हा ग्रुपमधल्यांनो, बेत आजच बदला. घोडबंदरची गर्दी व्हायच्या आत निघू. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, आतली बस धरू आणि थेट वर जाऊ. लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. ज्यांनी सोमवार सुचवलाय त्यांनी तो विसरावा, लेणी बंद असतात. खाणं पिशवीत तोंड बांधून ठेवा, माकडं हातातून ओढतात. दुपारी खाली उतरलो की हवं तितकं बोटिंग करा, माझी काही हरकत नाही. बाबा येणार आहेत. टाक्यांचं पाणी समजून घ्यायचं असेल त्यांनी त्यांच्याबरोबर मागे राहावं.