खोडावरची बुरशी खरवडण्याआधी ती कोणती आहे ते बघा

"झाडाच्या खोडावर फळीसारखी बुरशी दिसली की समजा, झाड आतून संपलं. ती झाडाचा जीवनरस पिते. लगेच खरवडून काढा, पोकळी साफ करा, नाहीतर झाड तोडा. लाल चकचकीत असेल तर मात्र फेकू नका, ती रेशी नावाची औषधी बुरशी. लाकडावरची बुरशी कधीच विषारी नसते." अशा अर्थाचा मजकूर फोटोंसकट फिरतोय आणि लोक तो चांगल्या हेतूनं पुढे पाठवताहेत. पण त्यावर विसंबून कुणी धडधाकट झाडावर कुऱ्हाड चालवेल किंवा नको ते पोटात घालेल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

जीवनरसाचं आधी. जुन्या झाडाचा मधला गाभा हे मेलेलं लाकूड असतं. पाणी वर चढतं ते बाहेरच्या लाकडातून, आणि नवी वाढ होते सालीलगतच्या पातळ थरात. ब्रॅकेट फंगस, म्हणजे अशा फळीसारख्या बुरशीच्या कितीतरी जाती गाभ्यावर किंवा वाळलेल्या फांद्यांवरच जगतात. गाभा पोकळ झालेली झाडं शतकभरसुद्धा पालवत राहतात, आणि बाहेरचं लाकूड पुरेसं जाड असेल तर पोकळ खोड नळीसारखं भक्कम असतं.

याचा अर्थ सगळ्याच जाती निरुपद्रवी आहेत असा नाही. बीच नावाच्या झाडाच्या बुंध्याशी येणारी मेरिपिलस जायगँटियस मुळं कुजवते, आणि पानं हिरवीगार असतानाच झाड उन्मळून पडू शकतं. गॅनोडर्मा बोनिनेन्स तेलताडाची झाडं मारते. म्हणून बुरशी बुंध्याशी किंवा मुळांवर असेल आणि खालून माणसांची ये-जा असेल, तर झाडांची तपासणी करणाऱ्या जाणकाराला बोलवावंच. पण "बुरशी म्हणजे मरण" हे सरसकट विधान खोटंच.

खरवडण्याचा उपाय तर निव्वळ फुकट. बाहेर दिसतं ते बीजाणू पसरवणारं अंग. खरी बुरशी लाकडात तंतूंच्या जाळ्यानं पसरलेली असते, ती तशीच राहते. पोकळी कोरून साफ करणं त्याहून वाईट. अमेरिकी वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी 1970च्या दशकात दाखवून दिलं, की झाड कुजलेल्या भागाभोवती स्वतःच अडसर उभे करतं. कोरताना आपण नेमके तेच फोडतो. शिवाय बुरशी काढून टाकली, की ती कोणती होती हे ठरवायचा पुरावाही गेला.

ओळख वरून काढलेल्या एका फोटोवर होत नाही. आधी झाड कोणतं ते पाहा: फोमिटॉप्सिस बेट्युलिना भूर्जवर्गातल्या बर्च झाडांवरच येते, त्यामुळे झाड कळलं की अर्धं काम झालं. मग खालची बाजू बघा, सगळं तिथेच आहे. रंगीत पट्ट्यांची पातळ, मखमली टर्की टेल आणि तिच्यासारखीच दिसणारी स्टेरियम वरून सहज फसवतात. उलटी केली की टर्की टेलला बारीक छिद्रं दिसतात, स्टेरियमची खालची बाजू गुळगुळीत असते. गॅनोडर्मा अ‍ॅप्लानेटमच्या पांढऱ्या खालच्या बाजूवर नखानं रेघ ओढा, ती तपकिरी होते. तिच्या वरच्या पृष्ठभागावर आणि खालच्या पानांवर कोकोसारखी भुकटी साचलेली असते, तेच तिचे बीजाणू.

छिद्रं नेहमी जमिनीकडे असतात, म्हणून पडलेल्या ओंडक्यावर एक गोष्ट निरखण्यासारखी असते. बुरशीच्या जुन्या फळ्या आडव्या-तिरक्या झालेल्या, आणि नव्या मात्र जमिनीला समांतर. नव्या फळ्या झाड पडल्यानंतरच्या, हे तिथल्या तिथे कळतं.

बुरशीच्या जातींमधला भेद माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 1991 मध्ये आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ दोन वेगळ्या ब्रॅकेट बुरशी होत्या. एक फोमेस फोमेंटेरियस, विस्तव पेटवायला. दुसरी बर्चवरची, चामड्याच्या पट्ट्यांत ओवलेली, बहुधा औषधासाठी.

आता "विषारी नसते". हॅपालोपिलस रुटिलन्स ही दालचिनी रंगाची, मऊ, लहानशी फळी मेलेल्या फांद्यांवर येते. तिच्यातल्या पॉलिपोरिक आम्लामुळे मळमळ, दृष्टीत बिघाड, मूत्रपिंडांना इजा होते आणि लघवी जांभळी होते. या बुरशीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड या रसायनाचा थेंब टाकला तर तीही जांभळी पडते. खाण्याजोगी समजली जाणारी पिवळी लेटिपोरससुद्धा काहींच्या पोटाला सोसत नाही.

राहिली रेशी. लाल, लाखेसारख्या चकचकीत गॅनोडर्मा अनेक आहेत. चीनमध्ये लागवड होणारी औषधी जात युरोपातल्या गॅनोडर्मा ल्युसिडमहून वेगळी आहे, हे ओळखून 2012 मध्ये तिला गॅनोडर्मा लिंगझी हे स्वतंत्र नाव देण्यात आलं. संशोधकांनाच सूक्ष्मदर्शक आणि डीएनए लागले तिथे फोटोतली चकाकी बघून काढा करून पिणं हा जिवाशी खेळ आहे. अशी बुरशी दिसली तर झाडाचं नाव, ती खोडावर किती उंचीवर आहे, वरून, खालून आणि कापलेल्या गराचा फोटो, एवढं टिपून बुरशीच्या जाणकाराकडे द्या.