रीस्टार्ट करून पळय

गोव्यात संगणकाच्या प्रत्येक दुखण्यावर एकच काढा आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुणालाही विचारा: “रीस्टार्ट करून पळय”, म्हणजे करून बघ. प्रिंटर रुसला, रीस्टार्ट. आवाज गेला, रीस्टार्ट. बहुतेक वेळा गुण येतो, म्हणून तर काढ्याची पत टिकून आहे. पंचाईत होते ती रीस्टार्ट केल्यावरच प्रोग्राम उघडेनासे झाले की. काढ्यानेच ताप चढला तर वैद्याने काय द्यावं? वैद्य म्हणतो, “परत एकदां करून पळय.”

मग माझा फोन वाजतो. संवाद ठरलेला.

“उगडना.”

काय उघडत नाही?

“कांयच उगडना.”

त्याआधी काय केलं होतंत?

“हांवें कांयच करूंक ना.”

यातलं शेवटचं उत्तर मी मनावर घेत नाही. ते नमस्कारासारखं असतं, म्हणायची रीत. पण ‘कांयच’ म्हणजे नेमकं किती, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकच प्रोग्राम अडलाय, एकाच जातीचे अडलेत, की झाडून सगळे? ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. हे समजावून सांगेपर्यंत पलीकडून माऊसची टकटक ऐकू येतच असते.

ती टकटक आधी थांबवा. डबल क्लिक केलं, काही झालं नाही, म्हणून परत केलं, मग जोरात केलं. माऊसला जोर कळत नाही. प्रत्येक डबल क्लिक हा विंडोजकडे नवा अर्ज असतो, आणि विंडोज अर्ज फेकून देत नाही, रांगेत ठेवतं. डिस्क मोकळी झाली की बारा कॅल्क्युलेटर एकदम उघडतात. बारा कॅल्क्युलेटर लागावेत एवढा हिशेब चवथीच्या बाजारालाही नसतो.

त्यापेक्षा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर येईल. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसत असतील आणि यादीत ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ वरच्या पाटावर बसलेला असेल, तर संगणक बिघडलेला नाही, कामात आहे. अपडेटचं काही काम रीस्टार्टच्या वेळी होतं, उरलेलं तुम्ही लॉगिन केल्यावर मागच्या दाराने चालू राहतं. त्याच वेळी अँटीव्हायरस प्रत्येक नवी फाइल हुंगत असतो. त्यात डिस्क जुनी, फिरती असली, तर ती मिनिटाला ५,४०० फेरे मारूनही एका वेळी एकाच जागचं वाचू शकते. यावर उपाय म्हणजे २० मिनिटं काहीही न करणं. दुपारच्या जेवणानंतर दुकानाचं शटर खाली असतं तेव्हा आपण ते बडवत नाही; आत माणूस आहे आणि आडवा झालाय, हे आपल्याला ठाऊक असतं. संगणकाच्या बाबतीत हेच शहाणपण कुठे जातं कोण जाणे.

“पण मी तर रोज रात्री बंद करतो,” असं इथे हमखास ऐकायला मिळतं. नाही करत. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, त्यासोबत फास्ट स्टार्टअप आलं, आणि तेव्हापासून शट डाऊन म्हणजे नुसती डुलकी. तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा, ड्रायव्हरांसकट, डिस्कवरच्या एका फाइलमध्ये जसाच्या तसा उतरवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. कालची कुरबुरही त्याच्यासोबत परत येते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने मांडलं जातं, म्हणून तर त्या काढ्याला गुण आहे. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ बघा. रोज न चुकता बंद होणारा संगणक तिथे ४३ दिवस दाखवू लागला की मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. शिफ्ट दाबून धरून शट डाऊन केलं तर तेवढ्यापुरता तो खरोखर बंद होतो. पावसाळ्यात हे काम वीज परस्पर उरकते म्हणा. एक गडगडाट, की सगळीकडे काळोख. पण ती लिहिणाऱ्याच्या हातातून पेन हिसकावून जाते, आणि अर्धवट लिहिलेली फाइल पुढच्या वेळी प्रोग्रामच्या घशात अडकते. संगणकाला युपीएस घ्या, म्हणजे वीज गेल्यावरही तो थोडा वेळ चालू राहील. टीव्हीला नसला तरी चालेल.

एकच प्रोग्राम अडला असेल तर तो बरेचदा आधीच उघडलेला असतो, फक्त खिडकीशिवाय. रीस्टार्टनंतर काही प्रोग्राम आपणहून उठतात आणि अर्ध्या झोपेत अडकतात. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये त्याचं नाव शोधा, ‘एंड टास्क’ करा, मग नव्याने उघडा. जत्रेची स्मरणिका किंवा भजनी सप्ताहाची पत्रिका जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यांचं दुखणं निराळं. मराठी टंकनाची काही जुनी सॉफ्टवेअर युएसबीच्या कुलपाशिवाय, म्हणजे डोंगलशिवाय, तोंड उघडत नाहीत. तो डोंगल पेनड्राइव्हसारखा दिसतो, आणि घरात पेनड्राइव्ह लागणारं कुणी ना कुणी असतंच. जागेवर असूनही दिसत नसेल तर हबमधून काढून थेट संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये लावा.

सगळे आयकॉन एकसारखे दिसू लागले आणि कशावरही टिचकी मारली तरी एकच भलता प्रोग्राम उघडू लागला, तर डिस्कला दोष देऊ नका. विंडोज की आणि आर दाबून ‘नोटपॅड’ टाइप करा. नोटपॅड उघडला तर प्रोग्राम ठणठणीत आहेत, शॉर्टकटचं नातं तेवढं तुटलंय. तिथेही उघडला नाही, तर ईएक्सई, म्हणजे खुद्द प्रोग्रामच्या फाइलचं काय करायचं हेच विंडोज विसरलंय. अशी विस्मृती व्हायरसमुळे येते, किंवा ‘संगणक झटकन साफ करा’ म्हणणाऱ्या फुकट प्रोग्राममुळे. तो रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची नोंदवही, झाडतो, आणि झाडताना देव्हाऱ्यातले देवही कचऱ्यात टाकतो.

आता माझा आवडता प्रकार. वर्ड उघडतं, पण ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला असुरक्षित म्हणतो आणि अँटीव्हायरस परवाना मानत नाही. लोक इंटरनेटवाल्याला शिव्या घालतात. आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. संगणक २०१५ सालात बसलेला असतो! सुरक्षिततेच्या प्रमाणपत्रांना मुदत असते, आणि २०१५ साली ती प्रमाणपत्रं जन्मालाच आलेली नसतात. दोष मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलचा: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, ३ व्होल्ट. संगणक प्लगला असेपर्यंत घड्याळ विजेवर चालतं, प्लग निघाला की ते या सेलवर येतं. आपल्याकडे जूनमध्ये आणि परत ऑक्टोबरात ढग गरजला की पहिला प्लग संगणकाचा निघतो. ते योग्यच, पण सेलचं आयुष्य त्यात खर्ची पडतं. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलीसुरली वीज उतरेल, बाजूची पट्टी सारून सेल उचला, नवा अधिकची खूण वर ठेवून बसवा. सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंग्जमध्ये, तारीख घाला. वाणसामानाच्या दुकानातही मिळणारी वस्तू, आणि तिच्यापायी लोक संगणक बदलायला निघतात. डबा उघडलाच आहे तर रॅमही काढून तिच्या सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा. खाऱ्या दमट हवेत तिथे मळ बसतो. शाई खोडायचा खरखरीत रबर मात्र वापरू नका.

झाडून सगळे अडले असतील तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जात शेवटी ४ दाबलं की सेफ मोड मिळतो, म्हणजे गरजेपुरतं विंडोज. वाटेत बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि त्या खात्याचा पासवर्ड उघडत नसलेल्या ब्राउझरमध्ये. किल्ली आजच वहीत लिहून ठेवा. सेफ मोडमध्ये सगळं सुरळीत चाललं तर बाहेरचा कुणीतरी आडवा येतोय. बहुधा दुसरा अँटीव्हायरस. एका म्यानात दोन तलवारी बसत नाहीत हे मराठी माणसाला सांगावं लागू नये. तो नसेल तर विंडोजच्याच एमएसकॉन्फिग या प्रोग्राममध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवा, उरलेल्यांतल्या निम्म्या बंद करा, रीस्टार्ट; मग उरलेल्या निम्म्यांतल्या निम्म्या. चोर चार-पाच फेऱ्यांत सापडतो. नवं यूजर खातंही काढून बघा. तिथे सगळं उघडलं तर विंडोज शाबूत आहे, तुमचं प्रोफाइल नासलंय.

विंडोजच नासलं असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून विंडोजच्याच दुरुस्तीच्या दोन कमांड चालवा: आधी डिझम, मग एसएफसी. क्रम महत्त्वाचा: डिझम कोठारातला माल नीट करतं, एसएफसी त्या कोठारातून फुटलेल्या वस्तू बदलतं. कोठारच सडकं असेल तर बदलून काय मिळणार? डिझमला इंटरनेट लागतं, आणि ते ६२.३ टक्क्यांवर ठिय्या देऊन बसल्यासारखं दिसू शकतं. खिडकी बंद करू नका. चहा घ्या, सोबत पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, उंडो असेल तर उत्तम.

आणि डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर यातलं काहीही करू नका. डिस्क तपासणारी चेकडिस्क कमांड तर नकोच. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला ते पळायला लावतं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये सी५ ची ओळ, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागांची मोजणी, शून्याच्या वर गेली असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा, मग एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, घाला.

शेवटी राहतं ‘रीसेट धिस पीसी’. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं की फाइली राहतात, पण तुम्ही घातलेले प्रोग्राम सगळे जातात. न उघडण्यासाठी कुणी उरतच नाही. विंडोज मात्र शिष्टाचार पाळतं: काय काय काढून टाकलं त्याची यादी डेस्कटॉपवर ठेवून जातं. तिच्यावर डबल क्लिक करा. पहिल्याच फटक्यात उघडते.