कोरियन वाड्यांचं नाव घेऊन खोलीत शेगडी पेटवू नका

‘कोरियन सरदारांच्या वाड्यांचं रहस्य’ नावाचा मेसेज सगळीकडे फिरतोय. तो वाचून नाशिकला माझ्या मावशीने गुडघ्यांना शेक म्हणून पलंगाखाली कोळशाची शेगडी ठेवायची तयारी केली. आता गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो, ते लोक दारं-खिडक्या लावून पलंगाखाली निखारे ठेवायचे आणि धुराने जंतू मरायचे. हे धादांत खोटं आहे, शिवाय जीवघेणं. एक तर ते पलंगावर झोपतच नसत, जमिनीवर अंथरूण घालत. आणि ‘ओंदोल’मध्ये, म्हणजे जमीन खालून तापवायच्या तिथल्या जुन्या पद्धतीत, विस्तव खोलीत नसतोच. चूल भिंतीपलीकडे, बऱ्याचदा स्वयंपाकघरात, खोलीच्या जमिनीपेक्षा खालच्या पातळीवर. तिची आच आणि धूर जमिनीखालच्या बोळांतून जातो, वरचे सपाट दगड तापवतो आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतो. दगडांवर मातीचा गिलावा, त्यावर तेल पाजलेला जाड कागद. धूर वर येऊ नये म्हणून एवढा बंदोबस्त, तरी जमिनीला तडा गेला की घात व्हायचा. गेल्या शतकात लाकडाऐवजी दगडी कोळशाच्या वड्या जाळायला लागल्यावर तर कार्बन मोनॉक्साइडने तिथे कितीतरी माणसं झोपेतच गेली. या वायूला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत शेगडी ठेवली तर त्याला बाहेर जायला वाटच नाही.

मेसेजचा पुढचा दावा: वाड्यांना ‘99 खोल्यांची कायदेशीर मर्यादा’ होती. कोरियातल्या जोसोन राजवटीच्या दरबारी नोंदींत 1431 सालचा सेजोंग राजाचा नियम आहे: राणीच्या पोटच्या राजपुत्राला 60 कान, वरच्या अधिकाऱ्यांना 40, रयतेला 10. कान म्हणजे चार खांबांमधली जागा. दोन-तीन कान मिळून एक खोली व्हायची. 99 हा आकडा लोकांच्या तोंडचा.

वाड्यांत ‘एकही खिळा नाही’ हा दावा अर्धा खरा, मान्य. खांब आणि तुळया खाचा पाडून एकमेकांत बसवतात. पण वासे लोखंडी खिळ्यांनीच ठोकलेले असतात.

‘हे सगळं अयोध्येच्या राजकन्येने नेलेलं वास्तुशास्त्र’ हा शेवटचा दावा. तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ या कोरियन ग्रंथात आयुता नावाच्या देशातून आलेल्या राजकन्येची कथा आहे, पण ती घरबांधणी शिकवायला आली असं त्यात कुठेही नाही. या वाड्यांची मांडणी कन्फ्यूशियस या चिनी विचारवंताच्या रीतीने ठरली: पुरुषांची बैठक पुढे, बायकांचं घर आतल्या चौकात, पितरांचं देवघर सहसा मागे उंचावर. हाहोए आणि यांगदोंग या कोरियातल्या गावांत, ज्यांना युनेस्कोने 2010 मध्ये जागतिक वारसा ठरवलं, असे वाडे आजही उभे आहेत.