स्कोअरकार्ड पेन्सिलनेच भरा

शिकागो कब्स या बेसबॉल संघाच्या चाहत्याचं घर हंगामभर विस्कटतं, कारण सामनेच १६२, आणि हे सगळं ‘नुसतं वेड’, असं एका लेखात वाचलं. त्यातलं गणित अर्धंच खरं. घरच्या मैदानावर त्यातले ८१, आणि रिगली फील्ड या त्या मैदानावर अजूनही बरेच सामने दुपारी असतात. तिथे दिवे लागले तेच मुळी १९८८ मध्ये. शिवाय २०२३ पासून पिच क्लॉक (चेंडू टाकायला ठरावीक वेळ देणारं घड्याळ) आल्याने सामना २ तास ४० मिनिटांच्या आसपास उरकतो.

खरी अडचण, मुलं नऊपैकी तिसऱ्या इनिंगलाच कंटाळतात. जुना उपाय म्हणजे स्कोअरकार्ड, म्हणजे सामना नोंदवत जायचा कागद, त्यांच्याच हातात द्यायचं. पेन नको, पेन्सिल. अधिकृत स्कोअरर आधी दिलेली एरर (क्षेत्ररक्षकाची चूक) नंतर बदलून हिट (बॅटरचा यशस्वी फटका) करू शकतो. कार्डावर क्षेत्ररक्षकांसाठी लिहायचे आकडे मैदानावरच्या जागेचे असतात, जर्सीचे नव्हे (नवशिक्यांची चूक हमखास इथेच). पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागे झेलणारा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. म्हणजे ६-४-३ लिहिलं की शॉर्टस्टॉपने उचललेला चेंडू दुसऱ्या बेसवरून पहिल्याकडे गेला, दोघे बाद. तीन स्ट्राइकवर बॅटर बाद झाला की ‘के’ (K) लिहायचा, पण बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक गेला तर तो ‘के’ उलटा काढायचा, पोरांना हे भारी आवडतं. एका इनिंगमध्ये नऊच्या वर बॅटर आले तर शेजारचा रकाना वापरा आणि वरचे इनिंगचे आकडे लगेच दुरुस्त करा, नाहीतर पुढचा सगळा कागद चुकतो.

आणि ‘नुसतं वेड’ हा शब्द पटला नाही. २०१६ मध्ये १०८ वर्षांनी विजेतेपद आलं तेव्हा लोकांनी रिगलीच्या विटांवर खडूने आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहिली होती.